टाका

पोतीच्या बंदरात कंटेनर उघडतात
आणि अमेरिकेत मेलेल्या गाड्या
रुस्तावीला येतात, आमच्या शेडमध्ये, ओळीनं.
कुणाचं नाक चेपलेलं, कुणाच्या काचेचा भुगा,
सीटखाली कधी पार्किंगची पावती,
कधी लहान मुलाचा एकटा मोजा.
गोचा पत्रा ठोकतो. बोंदो तारा बघतो.
मी लामारा. मी शिवते.

स्टिअरिंगच्या पोटातून पांढरी पिशवी लोंबत असते,
जीभ बाहेर काढल्यासारखी.
तिच्यावर लिपस्टिकचा डाग, क्वचित रक्ताचा,
बहुतेकदा नुसती पावडर.
म्हणजे तिनं तिचं काम केलेलं असतं,
तिकडे, ओहायोत कुठेतरी.
कुणीतरी खोकत खोकत बाहेर आलं असेल,
रस्त्याच्या कडेला बसून फोन केला असेल:
मी बरी आहे.

पिशवी एकदाच फुगते.
नवी घ्यावी तर गाडीतला सगळा नफा तिच्यातच जातो.
गोचा ब्लेडनं ती कापून काढतो
आणि मला म्हणतो, मावशी, पोट भर हिचं.

चिंध्या भरायच्या. फार नाही,
दाबलं तर मऊ लागेल एवढ्याच.
वरून कातडं, काळा मेणाचा दोरा,
कंपनीचे टाके मोजून अगदी तसेच.
माझा टाका ओळखून दाखवावा कुणी.
मग बोंदो एक तार दुसऱ्याच दिव्याला बांधतो.
चावी फिरवली की लाल दिवा लागतो,
सहा सेकंद,
आणि विझतो.
बाकी कुठेही दिवा विझला की माणसं चरकतात.
इथे विझला की नोटा मोजतात.

शोरेना सुईण आहे. राखाडी गाडी तिनं घेतली.
म्हणाली, रात्री-अपरात्री जावं लागतं मला,
पिशव्या आहेत ना आत?
गोचा म्हणाला, दिवा बघा.
आम्ही चौघं दिव्याकडे बघत राहिलो.
चार. पाच. सहा.
जाताना तिनं मला डबाभर अक्रोड दिले, तिच्या झाडाचे.
डबा परत द्यायचा राहून गेला.

नोव्हेंबरचं धुकं. गार्दाबानीचा रस्ता.
कुणाच्या तरी कळा सुरू झाल्या होत्या.
तुतीचं झाड. वेग पन्नास, तेवढाही नसेल.
छातीचं हाड, जबडा, पुढचे चार दात.

दवाखान्यात मी तिला चमच्यानं सूप पाजते.
जबडा तारेनं बांधलाय,
शब्द फटीतून शिटीसारखे येतात:
चोर असतात गं या कंपन्या, लामारा.
मी म्हणते, होतं असं. कधी कधी नाही उघडत.
आणि तिची हनुवटी पुसते.
थोड्या वेळानं ती म्हणते,
बाळ मात्र झालं. माझ्याशिवायच. मुलगी.

गाडी आमच्याकडेच परत आली, कुठे जाणार?
इंजिन चांगलं आहे, गोचा म्हणाला.
सगळे जेवायला गेल्यावर मी आत बसले.
स्टिअरिंग वाकलं होतं, तिच्या छातीच्या मापानं.
कातड्यावर एका दाताची खूण.
टाका एकही उसवला नव्हता.
बेचाळीस. मी मोजले.

मग ब्लेड घेतलं.
आतून निळ्या चौकड्यांची बाही निघाली,
वाखोच्या शर्टाची.
तो गेल्यावर त्याच्या कपड्यांच्या चिंध्या केल्या मीच,
कोणती कुठल्या गाडीत गेली, हिशोब कुठे ठेवला?
बाहीला अजून तंबाखूचा वास होता,
किंवा मला तसा आला.

बाहेरून गोचानं हाक मारली, ट्रक आलाय,
सहा गाड्या आहेत, मावशी, चल.

डबा घासून फळीवर पालथा घातलाय.
रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात.
काय घालू त्यात?